उणे एकतीसला भरती

दार ढकललं की आधी चष्मा आंधळा होतो.
मग कानांवर समुद्र.
म्हणजे स्पीकर. साखरेच्या बरणीमागे
दर सव्वाचार मिनिटांनी तीच लाट फुटते,
तोच एक पक्षी ओरडतो,
आणि पक्ष्यानंतर, नीट ऐकलंत तर,
कुणीतरी खोकतं.

विनिपेगला समुद्र नाही.
कुठल्याही दिशेला गाडी हाणा, दिवस मावळेपर्यंत नाही.
तरी ओरेस्ट ह्रिंचुकनं सार्जंट अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर
भिंती निळ्या रंगवल्या, छताला जाळं टांगलं
आणि फळ्यावर लिहिलं:
लहान लाट, मोठी लाट, त्सुनामी.
त्सुनामी एका बाईनं मागितली होती,
तिला तीन रात्री पुरली.
इथे खरा फेस फक्त दुधाचा.

मी बर्फ ढकलतो.
रात्री अकरा ते पहाटे साडेपाच, नगरपालिकेचा पिवळा नांगर.
पात्यावरून बर्फ उठतो, वळतो,
क्षणभर आतून पोकळ होतो, आणि कोसळतो.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पावणेसहाला माझा पेला तयार असतो,
त्यावर नाव दुसऱ्याचंच.
पहिल्या दिवशी दुरुस्त करायचं राहिलं,
त्याला नऊ वर्षं झाली.
आता रस्त्यात कुणी त्या नावानं हाक मारली
तर मी वळून बघतो.

तक्रारी आहेत, नाहीत असं नाही.
बिस्किटं करपतात.
खिडकीजवळच्या टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली घडी घालून कुठल्यातरी बंदराचं
जुनं भरती-ओहोटीचं वेळापत्रक.
म्हातारा सिगुरयोन म्हणतो, कॉफीत दम नाही,
आणि चार पेले पितो.
चाळीस हिवाळे त्यानं तळ्यावर
बर्फाला भोकं पाडून जाळी ओढली.
“पाणी,” तो म्हणतो, “भिंतीला लावायची वस्तू नव्हे.”
त्याचा भाऊ त्या पाण्यात आहे.
हे तो बोलला नाही. ओरेस्ट बोलला, फडकं पिळता पिळता.

आणि तो सर्फबोर्ड.
काउंटरच्या वर, पिवळा, एका कडेला अर्धचंद्र तुटलेला.
मला सांगितलं होतं: शार्क.
पोस्टातल्या ग्लेनिसला: खडक.
शाळेच्या पोरांना: दोन शार्क.
गेल्या गुरुवारी आम्ही एका टेबलावर आलो
आणि हिशेब जुळेना.
“ट्रान्सकोनात एका गॅरेजमधून घेतला,” ओरेस्ट म्हणाला.
“पंचवीस डॉलर. कड दारात चिरडलेली.
मला पोहता येत नाही.”

कुणी हसलं नाही.
स्पीकरमधला माणूस खोकला.

कोपऱ्यातून मारिसेल उठली,
रात्रपाळीची नर्स, बाहीवर अजून आयोडीनचा डाग.
“खाली काढ.”
फरशीवर ठेवला. तिनं बूट काढले,
एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
पालथी झोपली, हातांनी फरशी दोनदा मागे सारली,
आणि कधी उभी राहिली ते कळलंच नाही.
गुडघे वाकलेले. नजर काचेपलीकडे,
जिथे सतरा नंबरची बस धूर सोडत थांबली होती
आणि तिच्याही पलीकडे.
“आम्हा पाच भावंडांत एकच होता,” ती म्हणाली,
“माझी पाळी शेवटी. अंधार पडायला लागल्यावर.”

सिगुरयोन खुर्ची सरकवून उठला.
मला वाटलं, निघाला.
त्यानं आपलं टेबल, पेल्यासकट,
हातभर मागे ओढलं.
तिला जागा हवी म्हणून.

ती उतरली, मोजा वर खेचला,
तिच्या कॉफीवर साय धरली होती.
ओरेस्टनं दुसरी केली. पैशांचं कुणी काढलं नाही.

बोर्ड अजून खालीच आहे.
आम्ही वळसा घालून काउंटरला जातो.
काल ग्लेनिसला घाई होती,
तिनं त्याच्यावरून पाय टाकायला उचलला,
आजूबाजूला बघितलं,
आणि मागे घेतला.